रक्तवाहिन्यांसाठी चहा: आधण, पूड, दूध, साखर आणि वेळ

चहात अँटिऑक्सिडंट असतात आणि ते रक्तवाहिन्या साफ करतात, असं ग्रीन टीच्या खोक्यापासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळीकडे वाचायला मिळतं. यातला पहिला भाग खरा, दुसरा नाही. धमनीच्या भिंतीत साचलेली चरबी चहानं विरघळत नाही, ब्लॉकेज उघडत नाही. चहाचं काम लहान आहे, पण ते मोजून पाहिलेलं आहे: धमनीचं आतलं अस्तर त्यानं थोडं सैलावतं, आणि रोज पीत राहिलं तर रक्तदाब दोन-तीन अंकांनी उतरू शकतो. आता हा एवढासा फायदा तुमच्या कपात उरतो की साखर, साय आणि खारीत बुडतो, ते स्वयंपाकघरात ठरतं. म्हणून इथे बरंचसं पातेल्याबद्दलच आहे.

आधी अस्तर समजून घ्या

धमनीला आतून एका पेशीइतकं पातळ अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्यानं भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि नळी रुंदावते. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल याच शोधासाठी दिलं गेलं. तंबाखू, मधुमेह, चढलेला दाब, वाढलेलं एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) यांनी अस्तर आजारी पडतं, वायू कमी सुटतो, आणि कोलेस्टेरॉल भिंतीत शिरायला तिथूनच वाट मिळते. चहाच्या पानात कॅटेचिन्स नावाची तुरट अँटिऑक्सिडंट द्रव्यं असतात, ती हा वायू तयार करणाऱ्या एन्झाइमला चालना देतात.

हे मोजतातही. दंडाला किंवा हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, पट्टा सोडायचा आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर पाहायचं. २००१ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी हृदयविकाराच्या ५० रुग्णांवर हे केलं. एका वेळी ४५० मिली काळा चहा दिल्यावर दोन तासांत, आणि रोज ९०० मिली असा चार आठवडे दिल्यावरही, धमनी जास्त रुंदावताना दिसली. ऑस्ट्रेलियात ९५ जणांना सहा महिने रोज तीन कप काळा चहा दिला. दुसऱ्या गटाला तेवढंच कॅफिन असलेलं, चहासारख्याच चवीचं पेय. चहावाल्यांचा दाब दोन ते तीन अंकांनी खाली राहिला. एका माणसाच्या दृष्टीनं ही क्षुल्लक गोष्ट. गोळीची जागा ती घेत नाही, आणि चहा सुरू केला म्हणून दाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द मात्र इथे जुना झाला. परीक्षानळीत चहा एलडीएलला गंजण्यापासून वाचवतो खरा, पण एक-दोन कप प्यायल्यावर रक्तात पोचणारी कॅटेचिन्स इतकी थोडी असतात की रक्तात मुळातच असणाऱ्या युरिक अॅसिडपुढे त्यांचा पाड लागत नाही. ‘अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितकं बरं’ हा हिशेबही फसलेला आहे. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला निघाला. २००० मध्ये हृदयरोग्यांना ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं, हृदयाला काही फायदा झाला नाही. ग्रीन टीच्या कॅप्सूलची जाहिरात समोर आली की हे दोन प्रयोग आठवावेत.

मोठ्या लोकसंख्येचे आकडे चहाच्या बाजूनं आहेत. जपानमध्ये ओसाकी भागातल्या ४० हजारांवर लोकांच्या पाहणीत (२००६) रोज पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू कमी होते. ब्रिटनच्या सुमारे पाच लाख लोकांत (२०२२) दोन किंवा जास्त कप काळा चहा पिणाऱ्यांत एकूण मृत्यूचं प्रमाण ९ ते १३ टक्के कमी. पण चहा पिणारे लोक इतर गोष्टींतही वेगळे असू शकतात. अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २००६ मध्ये ग्रीन टीच्या पाकिटावर हृदयरोगाचा दावा छापायला नकार दिला तो पुरावा पुरेसा नाही म्हणूनच.

कोणता चहा घ्यावा

हिरवा, काळा, ऊलाँग, पांढरा हे सगळे एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिसचे. ग्रीन टीमध्ये पान तोडल्यावर लगेच उष्णता देऊन एन्झाइम मारतात, त्यामुळे कॅटेचिन्स जशीच्या तशी राहतात. सुक्या पानाच्या वजनात ती साधारण दहा ते वीस टक्के भरतात. काळ्या चहात पान चुरडून हवेत ठेवतात, तेव्हा बरीचशी कॅटेचिन्स एकमेकांना जोडली जाऊन थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन बनतात. कोऱ्या चहात जो सोनेरी झळाळ दिसतो तो थिआफ्लेविनचा, लालसर तपकिरी गडदपणा थिआरुबिजिनचा. म्हणजे काळ्या चहातलं सत्त्व नाहीसं झालेलं नसतं, रूप बदललेलं असतं. वर सांगितलेले बॉस्टन आणि ऑस्ट्रेलियाचे दोन्ही प्रयोग काळ्या चहाचेच आहेत. ग्रीन टी आवडत नसेल तर नाक दाबून पिण्याचं काही कारण नाही.

आपल्या घरात येते ती बहुतेक सीटीसी: चुरडून, फाडून, वळवून केलेली दाणेदार पूड. दाण्याची मोठी ममरी आणि बारीक डस्ट हे तिचेच प्रकार. पानाच्या पेशी फुटलेल्या असल्यामुळे तिच्यातलं सगळं दोन-तीन मिनिटांत पाण्यात उतरतं. दहा मिनिटं खळखळ उकळून त्यात भर पडते ती तुरटपणाची.

गवती चहा, तुळस, जास्वंद हा चहा नव्हे. त्यात ही कॅटेचिन्स नसतात. चवीला घाला, धमन्यांच्या हिशेबात धरू नका. अपवाद म्हणावा तर लाल अंबाडीच्या बोंडांचा: २०१० च्या एका अमेरिकी प्रयोगात सहा आठवडे रोज तीन कप काढा घेतलेल्यांचा वरचा दाब सात अंकांनी उतरला होता. पण तो वेगळा विषय, आणि ती बोंडं म्हणजे दारातली जास्वंद नव्हे.

बाटलीतला आइस टी आणि थ्री-इन-वन प्रीमिक्स सोडून द्या. त्यात साखर मोजून मिळते, चहा नाही.

सुटी पूड घेत असाल तर घरी दोन चाचण्या करा. वापरलेला चोथा वाळवून, रंग चढवून विकतात. तो ओळखायला गाळणकागदावर (नसेल तर पांढऱ्या टिपकागदावर) चमचाभर पूड पसरा, पाण्याचा हबका मारा, जरा थांबा, पूड झटका, कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. शुद्ध पुडीचा डाग अगदी फिका राहतो. तपकिरी-काळे ओघळ दिसले तर रंग आहे. दुसरी चाचणी चुंबकाची: पूड ताटलीत पसरून वरून चुंबक फिरवा, लोहकीस असेल तर चिकटतो.

डबा शेगडीवरच्या फळीवर ठेवू नका. उष्णता आणि वाफ तिथेच सगळ्यात जास्त. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, अंधारं कपाट, आणि ग्रीन टी असेल तर दोन-तीन महिन्यांत संपेल एवढीच खरेदी. बाजारातल्या ग्रीन टीवर झालेल्या एका तपासणीत सहा महिन्यांत कॅटेचिन्सचा सरासरी तिसरा हिस्सा गेलेला आढळला होता. वर्षभराचा डबा स्वस्तात पडतो, पण शेवटी शेवटी आपण रंगीत पाणी पीत असतो.

कोरा चहा, नीट

दोन कपांना ३२० मिली पाणी घ्या. वाफेत आणि पुडीत वीसेक मिली जातं, कपात दीड-दीडशे उतरतं. पूड सपाट दोन चमचे, म्हणजे साधारण चार ग्रॅम. शीग लावून घेतलेला चमचा सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि ‘आमचा चहा कडू का होतो’ याचं उत्तर पुष्कळदा त्या शिगेत सापडतं.

आलं, वेलदोडा, गवती चहा घालायचा असेल तर तो पाण्याबरोबरच घाला आणि दोन मिनिटं उकळू द्या. आल्याला उकळी लागते, पुडीला लागत नाही. आधणाला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा, मग पूड टाका, एकदाच ढवळा आणि झाकण ठेवा. सीटीसीला घड्याळ लावून तीन मिनिटं, दार्जिलिंग किंवा निलगिरीच्या लांब पानाला चार ते पाच. वेळ झाली की सगळाच्या सगळा गाळून घ्या. दुसरा कप नंतर घेऊ म्हणून चोथ्यावर चहा ठेवला की तो पंधरा मिनिटांत काढा होतो. गाळणीतला चोथा चमच्यानं दाबून पिळू नका, शेवटचा तुरट रस त्यातच असतो.

झाकण महत्त्वाचं आहे. उघड्या पातेल्यात पाणी तीन मिनिटांत चांगलंच निवतं आणि पूड अर्धवट उतरते. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे अर्धा मिनिट जास्त द्या. चहा चाखणारे व्यावसायिक तर १०० मिली पाण्याला दोन ग्रॅम पूड आणि सहा मिनिटं, असा जहाल चहा करतात, तसं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. पण ते दोष शोधण्यासाठी, पिण्यासाठी नव्हे.

गाळल्यावर चार-पाच थेंब लिंबू पिळा. रंग फिका पडतो, घाबरू नका, आंबटपणानं थिआरुबिजिनचा रंग बदलतो एवढंच. कॅटेचिन्स आम्लात टिकतात आणि अल्कलीत मोडतात. आतड्यातलं वातावरण अल्कलीकडे झुकलेलं असतं, म्हणून कृत्रिम पचनाच्या प्रयोगांत लिंबाचा रस घातल्यावर ती कितीतरी जास्त शिल्लक राहिली. माणसाच्या पोटात तेवढाच फरक पडतो असं नाही, पण लिंबू स्वस्त आहे आणि त्यानं साखरही कमी लागते. उलट बाजूनं, रंग यावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची युक्ती अगदी टाळा. चहा गडद दिसतो, सत्त्व मोडतं आणि मीठ न खाता सोडियम पोटात जातं.

बोअरच्या जड पाण्यात कोऱ्या चहावर तेलकट, तपकिरी साय धरते आणि कपाला कडा पडतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांचं ते काम. लिंबाचे थेंब टाकले की साय धरत नाही. फिल्टरचं पाणी वापरलं तर उत्तमच. चहा गार झाल्यावर गढूळ दिसला तर तो बिघडलेला नसतो, कॅफिन आणि थिआफ्लेविन एकत्र येऊन तसं होतं, पुन्हा कोमट केला की निवळतो. पाणचट लागला तर पूड जुनी आहे किंवा पाण्याला उकळी आली नव्हती. सकाळी केलेला चहा दुपारी पुन्हा उकळणं मात्र सोडा. चव आणि कॅटेचिन्स दोन्ही जातात.

आणि कढत पिऊ नका. ६५ अंशांवरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता आहे, असं कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१६ मध्ये नोंदवलं. कपात ओतून पाच मिनिटं थांबा. किंवा बशीत ओता. बशीतून फुरका मारणं गावंढळ समजतात, पण पसरट बशीत चहा अर्ध्या मिनिटात पिण्याजोगा होतो, आणि थर्मामीटर लागत नाही.

ग्रीन टीचं गणित वेगळं

२०० मिलीला दोन ग्रॅम पान, ७५ ते ८० अंश, दोन ते तीन मिनिटं. पान हलकं असतं, म्हणून दोन ग्रॅमला भरलेला एक चमचा लागतो; टी-बॅगमध्ये साधारण तेवढंच असतं. उकळतं पाणी ओतलं की कडू-तुरट होतो, आणि मग तो लपवायला लोक दोन चमचे मध घालतात. मध म्हणजेही साखरच.

थर्मामीटर नसला तर उकळलेलं पाणी एका गार भांड्यातून दुसऱ्यात ओता. प्रत्येक ओतण्याला आठ-दहा अंश उतरतात, दोनदा ओतलं की काम झालं. अख्खं पान असेल तर त्याच पानावर दुसरा कप निघतो, त्याला मिनिटभर जास्त द्या. टी-बॅग कपात तरंगत ठेवून फोनवर बोलत बसू नका. ग्रीन टी उपाशीपोटी घेऊ नका. बऱ्याच जणांना मळमळतं. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी नाश्त्यानंतर तासाभरानं घ्यावा.

दूध

बर्लिनमध्ये २००७ मध्ये १६ बायकांवर एक छोटा प्रयोग झाला. ५०० मिली काळ्या चहानं धमनी रुंदावली. त्याच चहात दहा टक्के मलईविरहित दूध घातल्यावर फायदा दिसेनासा झाला. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅटेचिन्सना धरून बसतं, असा खुलासा दिला गेला. बातमी जगभर फिरली. मात्र कॅटेचिन्स रक्तात किती पोचतात हे मोजणाऱ्या दुसऱ्या प्रयोगांत दुधानं फरक पडला नाही, आणि ब्रिटनच्या पाच लाखांत दूध घालणाऱ्या-न घालणाऱ्यांत फायदा सारखाच दिसला.

तरीही यावरून आपल्या चहाला परवाना मिळत नाही. ब्रिटिश माणूस कपभर चहात दोन-तीन चमचे दूध घालतो. आपल्याकडे निम्मं दूध असतं, अमृततुल्यात त्याहून जास्त, आणि ते साखरेसकट आटवलेलं. धमन्यांच्या दृष्टीनं केसिनपेक्षा साय आणि साखर महत्त्वाची. हिशेब करून पाहा. रोज चार कप, प्रत्येकी ७५ मिली फुल क्रीम दूध: ३०० मिली. सहा टक्के स्निग्धांश धरला तर १८ ग्रॅम चरबी, त्यातली संपृक्त (सॅच्युरेटेड) साधारण ११ ग्रॅम. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला दिवसाची मर्यादा २२ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे निम्मा कोटा चहातच संपला. हेच दूध दीड टक्क्याचं, डबल टोन्ड घेतलं तर संपृक्त चरबी तीन ग्रॅमच्या आत.

म्हणून दूध सोडवत नसेल तर पद्धत अशी ठेवा: कोरा चहा वर सांगितल्याप्रमाणे करून गाळा, वेगळं गरम केलेलं डबल टोन्ड दूध कपाला ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे, वरून घाला. चहा पातळ वाटतो. पहिला आठवडा फारच वाटतो. तेव्हा पूड अर्धा चमचा वाढवा, दूध वाढवू नका. दिवसातला एक कप जुन्या पद्धतीचा ठेवून बाकीचे कोरे करणं हाही मार्ग आहे, आणि घरातल्या ज्येष्ठांना तोच पटतो.

साखर, गूळ आणि सोबतची बशी

दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर, चार कपांत चाळीस. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, आणि त्यात बिस्किटं, शिरा, सरबत सगळं आलं. जादा साखरेनं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि वजन वाढतं, आणि चहानं रक्तदाबाचे मिळवलेले दोन अंक परत जातात.

एकदम बंद केलेली साखर आठवड्यात परत येते. दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी करा. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला दोन महिने लागतात. घरात सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात होत असेल तर साखर पातेल्यात टाकणं बंद करा, कपात घाला. नाहीतर सगळ्यांना सगळ्यात गोडखाऊ माणसाचा चहा प्यावा लागतो.

गुळाच्या चहाचे फलक आता गावोगाव दिसतात. गूळ ही साखरच आहे. थोडी खनिजं असतात, पण चहात जातो तेवढ्या गुळानं काही साधत नाही. चवीसाठी घालायचा तर गॅस बंद करून, दूध घालून झाल्यावर, शेवटी घाला आणि पुन्हा उकळू नका. गुळातल्या आम्लामुळे आणि क्षारांमुळे उकळतं दूध फाटतं.

चहासोबतच्या बशीकडे मात्र फार कमी लोक बघतात. खारी, टोस्ट, नानकटाई ही वनस्पती तुपाची. ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, पण संपृक्त चरबी, मीठ आणि मैदा तसाच आहे. मूठभर शेंगदाणे-फुटाणे त्यापेक्षा केव्हाही बरे. टपरीवरच्या कटिंगबरोबरच्या सिगारेटबद्दल तर लिहायलाच नको. एक सिगारेट अस्तराचं जे नुकसान करते ते कितीही कोऱ्या चहानं भरून येत नाही. तंबाखूच्या पुडीचंही तेच.

केव्हा प्यावा, केव्हा नाही

चहातली पॉलिफिनॉल्स पालेभाज्या, डाळी, धान्यांतलं लोह बांधून ठेवतात, ते शोषलं जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, आणि आपल्याकडची न्याहारी म्हणजे पोहे आणि लगेच चहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. जमत नसेल तर निदान पोह्यांवर लिंबू पिळा. क जीवनसत्त्वानं लोह शोषायला मदत होते. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्यानं घ्या, चहा अर्ध्या ते एका तासानं. रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी ग्रीन टीचं प्रमाण अचानक वाढवू-घटवू नये. वाढवायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचा आकडा, तपासून घ्यावा. नॅडोलॉल नावाची दाबाची गोळी ग्रीन टीबरोबर घेतली तर रक्तात अगदी थोडी पोचते. तुमच्या चिठ्ठीत ती असेल तर ग्रीन टी सोडा.

प्रमाण तीन ते चार कप, दिवसभरात विभागून. अस्तरावरचा परिणाम काही तासांचा असतो, एकदम तीन कप ढोसून तो साठवता येत नाही. दीडशे मिलीच्या कपात ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफिन येतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं निरोगी प्रौढाला दिवसाचे ४०० मिलीग्रॅम आणि गरोदर बाईला २०० ही सुरक्षित मर्यादा धरली आहे. छाती धडधडत असेल, झोप लागत नसेल तर शेवटचा कप दुपारी चारपर्यंत. मुतखडा झालेल्यांनी कडक काळा चहा जपून घ्यावा, त्यात ऑक्झलेट असतं. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात एक माणूस रोज सोळा मोठे ग्लास आइस टी पीत असे, त्याची मूत्रपिंडं बंद पडल्याची नोंद २०१५ मध्ये झाली.

कॅप्सूल नकोतच. एका कपात ग्रीन टीच्या मुख्य कॅटेचिनचे, ईजीसीजीचे, साधारण ५० ते १०० मिलीग्रॅम असतात. पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० किंवा जास्त गेल्यास यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात, असं युरोपच्या त्याच संस्थेनं २०१८ मध्ये म्हटलं. उपाशीपोटी घेतल्यास धोका अधिक. चहा पिऊन तिथपर्यंत जाणं कठीण, दोन कॅप्सूलमध्ये सहज.

फरक पडतोय का, कसं कळणार

एलडीएल फार उतरेल अशी आशा ठेवू नका. ग्रीन टीनं ते सरासरी दोन ते पाच मिलीग्रॅम खाली येतं, एवढा फरक प्रयोगशाळेच्या चुकीतही पडतो. साखर आणि साय कमी केल्याचा परिणाम मात्र तीन महिन्यांनी काढलेल्या लिपिड प्रोफाइलमध्ये (रक्तातल्या चरबीच्या तपासणीत), विशेषतः ट्रायग्लिसराइडमध्ये, दिसू शकतो.

रक्तदाब घरी मोजा, दंडाच्या पट्ट्याचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. चहातल्या कॅफिननं पहिला अर्धा-पाऊण तास दाब उलट थोडा चढतो, म्हणून मोजणी सकाळच्या पहिल्या चहाच्या आधी. लघवीला जाऊन या, पाठ टेकवून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटभराच्या अंतरानं दोन आकडे, दोन्ही लिहा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. चहाची पद्धत बदलण्याआधी सात दिवस आणि बदलल्यावर आठ आठवड्यांनी पुन्हा सात दिवस. दोन्ही वेळा पहिला दिवस गाळून बाकीच्या सहा दिवसांची सरासरी काढा. मधल्या काळात गोळी बदलली, वजन उतरलं किंवा चालणं सुरू केलं असेल तर वहीत तेही टिपा, नाहीतर सगळं श्रेय चहाला जातं. सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना चहापेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त होईल.